मदत हवी आहे: कॅमेरे व्हॉइस असिस्टंटला जोडलेच जात नाहीयेत

घरी २ वायफाय कॅमेरे लावलेत, एक दारावर एक मागच्या बाजूला, कंपनीच्या ॲपमध्ये दोन्ही एकदम मस्त चालतात पण स्क्रीनवाल्या स्मार्ट स्पीकरला "दारावरचा कॅमेरा दाखव" म्हटलं की नुसतं गोल गोल फिरतं आणि मग 'डिव्हाइस रिस्पॉन्ड करत नाही'. मागचा तर लिस्टमध्ये येतच नाही.

आईचे गुडघे खूप दुखतात, बेल वाजली की तिला उठून जायला लागू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप, त्यामुळे हे चालू होणं खरंच गरजेचं आहे.

अकाउंट अनलिंक करून परत लिंक केलं, राउटर रिस्टार्ट केला, फर्मवेअर अपडेट केलं, नावंही साधी ठेवली. कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफाय बँडवर चालतात आणि स्पीकर ५ वर आहे, पण राउटर एकच आहे मग त्याने फरक पडतो का? मागचा कॅमेरा भावाच्या अकाउंटवरून मला शेअर केलेला आहे, शेअर केलेले कॅमेरे असिस्टंटला दिसत नाहीत असं असतं का? की एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (व्हिडिओ फक्त आपल्याच ॲपमध्ये उघडेल असं लॉक) चालू असल्यामुळे व्हिडिओ अडतोय? रिसेट करायच्या आधी कोणी अनुभवातून सांगा प्लीज.