सगळं क्लाउडवर आहे, तरी वेगळा बॅकअप लागतो का?

खातेवही

नमस्कार मंडळी, ऑफिसात एक वाद चाललाय, तो मिटत नाहीये म्हणून इथे विचारतेय. आमचं काम छोटं आहे, चार कॉम्प्युटर, त्यातले दोन लॅपटॉप, सगळ्यांवर विंडोज ११. बिलं, कोटेशन, पत्रं हे सगळं एक्सेल-वर्डमध्ये, आणि तो फोल्डर गूगल ड्राइव्हला जोडलेला आहे त्यामुळे कुणीही कुठूनही उघडून काम करतं, ते मस्त चालतं. हिशोबाचं सॉफ्टवेअर मात्र एकाच कॉम्प्युटरवर आहे, त्याचा डेटा डी ड्राइव्हवर. माझं म्हणणं, एक एक्स्टर्नल हार्डडिस्क घेऊ आणि आठवड्याला सगळं कॉपी मारून ठेवू. पार्टनर म्हणतो गूगलकडे ठेवलंय ना, मग त्यांच्या यंत्रणेपेक्षा तुझी हार्डडिस्क जास्त भरवशाची आहे का? आता हे ऐकल्यावर मलाही उत्तर सुचेना, कारण मुद्दा अगदीच चूक नाहीये.

जाणकारांनी सांगा, खरंच लागतो का वेगळा बॅकअप? आणि लागत असेल तर रोजच्या कामात बसेल असं काहीतरी सांगा प्लीज, सर्व्हर घ्या, आयटीवाला ठेवा वगैरे नको, ते आम्हाला झेपणारं नाही.

---

खटपट्या

लागतो. पार्टनरचं एक वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, गूगलची हार्डडिस्क उडाली म्हणून तुमचा डेटा जाईल ही शक्यता जवळपास नाहीच. पण छोट्या ऑफिसातला डेटा बहुतेक वेळा हार्डडिस्क उडाल्याने जात नाही हो, तो माणसांच्या हाताने जातो.

तुमच्याकडे जे चाललंय ते सिंक आहे, बॅकअप नाही. आरशासमोर उभं राहून मिशी काढली की आरशातल्याचीही जाते, तसंच आहे हे. लॅपटॉप भरला म्हणून कुणीतरी जुना फोल्डर उडवला तर तो ड्राइव्हवरनं पण उडतो आणि बाकीच्या तीन मशीनवरनं पण, तेही इतक्या झटपट की कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यानंतर तो ट्रॅशमध्ये ३० दिवस असतो आणि मग कायमचा जातो. आता तुम्हीच विचार करा, मागच्या वर्षीच्या बिलांचा फोल्डर गायब झाला तर तो तीस दिवसांत कुणाच्या तरी ध्यानात येईल का? तो तेव्हाच आठवतो जेव्हा ऑडिटला लागतो.

दुसरी गोष्ट फाईल चुकीची सेव्ह होण्याची. एक्सेलमध्ये कुणीतरी सॉर्ट करताना एकच कॉलम सिलेक्ट केला, नावं एकीकडे रकमा दुसरीकडे, आणि वर सेव्ह. ड्राइव्ह एक्सेलसारख्या फाईलच्या जुन्या आवृत्त्या ठेवतं, पण साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या एवढंच. महत्त्वाच्या आवृत्तीवर ‘कायम ठेवा’ असा पर्याय आहे पण तो कोण रोज करत बसणार.

आणि तिसरं म्हणजे रॅन्समवेअर, म्हणजे फाईल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस. त्याने कॉम्प्युटरवरच्या फाईल लॉक केल्या की सिंकला वाटतं की फाईल बदलल्या, तो इमानदारीत त्या लॉक झालेल्या फाईल वर चढवून टाकतो.

पार्टनरला हे तीन मुद्दे सांगा, हार्डडिस्क भरवशाची की गूगल या वादात पडूच नका.

---

निवांत

+१ खटपट्या. वाचनखूण साठवली.

अवांतर: वनड्राइव्हचं पण असंच आहे का?

---

खटपट्या

@निवांत, तत्त्व तेच. पर्सनल खात्याला रिसायकल बिनमध्ये ३० दिवस, ऑफिसच्या खात्याला नॉर्मली ९३ दिवस. मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलेलं असेल तर अख्खं वनड्राइव्ह गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या दिवसापर्यंत मागे नेता येतं, ही सोय मात्र खरंच चांगली आहे, रॅन्समवेअरच्या वेळी उपयोगी पडते. पण मुदत आहेच.

---

रविवारचा_प्रोग्रामर

खटपट्याशी सहमत, पण हार्डडिस्कच्या भरवशावर राहा असं मी अजिबात म्हणणार नाही. मी लोकांची मशीन बघून देतो, ‘आठवड्याला कॉपी मारू’ हे ठरवणारे खूप भेटतात आणि त्यांच्या हार्डडिस्कवरची शेवटची तारीख बघितली की सहा-आठ महिन्यांपूर्वीची निघते. माणसाने आठवण ठेवून करायचा बॅकअप हा होतच नाही, कामाच्या गडबडीत पहिला बळी त्याचाच जातो. त्यामुळे जे काही कराल ते आपोआप होणारं करा.

यात जुना आणि सोपा नियम आहे, ३-२-१. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक ऑफिसबाहेर. तुमच्याकडे कॉम्प्युटरवरची एक आणि क्लाउडवरची एक अशा दोन धरल्या तरी दोन्ही सिंकने एकमेकींना बांधलेल्या आहेत, म्हणून मी त्या दीडच धरतो. तिसरी प्रत सुटी पाहिजे. आणि क्लाउड काढू नका, उलट तीच तुमची ऑफिसबाहेरची प्रत आहे. आग लागली, चोरी झाली तर शेजारच्या कपाटातली हार्डडिस्क पण त्याच्याबरोबरच जाणार. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं होतं, ज्यांची मूळ वेबसाईट आणि बॅकअप दोन्ही त्याच जागी होते त्यांच्या हातात काही उरलं नाही. म्हणजे व्यावसायिक लोकांकडून पण हे सुटतं.

आता करायचं काय. विंडोज ११ मध्ये ‘फाईल हिस्टरी’ अजून आहे, फक्त ती सेटिंग्जमध्ये शोधू नका, जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये आहे. हार्डडिस्क लावायची, चालू करायची, मग ती दर तासाला बदललेल्या फाईलची प्रत घेत राहते, आणि जुन्या आवृत्त्या पण ठेवते, वर सांगितलेल्या सॉर्टच्या घोटाळ्यावर हाच उतारा. पण एक मोठी ग्यानबाची मेख आहे, ती फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांचा बॅकअप घेते. तुमचा हिशोबाचा डेटा डी ड्राइव्हवर आहे म्हणताय, तो त्यात येणार नाही! फोल्डर विंडोजच्या ‘लायब्ररी’त (वेगवेगळ्या जागचे फोल्डर एकत्र दाखवणारी यादी) घातला तर येतो. ‘चालू केलंय, हिरवा टिक दिसतोय’ म्हणून लोक निवांत असतात आणि सगळ्यात महत्त्वाचा फोल्डर बाहेरच राहिलेला असतो. ड्राइव्हचा फोल्डर पण कुठे आहे ते बघून घ्या, ‘स्ट्रीम’ मोडवर असेल तर फाईल खऱ्या अर्थाने तुमच्या मशीनवर नसतातच, मागितल्या की खाली येतात. एका मशीनवर तरी ‘मिरर’ मोड ठेवा म्हणजे कॉपी करायला काहीतरी असेल.

कुणी मॅकवाले वाचत असतील तर त्यांचं सोपं आहे, टाइम मशीन चालू करा आणि विसरा.

---

खातेवही

बापरे, डी ड्राइव्हचं तर डोक्यातच नव्हतं. आणि बघितलं तर आमच्याकडे तिन्ही मशीनवर स्ट्रीमच आहे, चौथ्याचं उद्या बघते.

दोन शंका. हिशोबाचा डेटा फोल्डर उचलून सरळ ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवला तर नाही का चालणार, आपोआप वर जाईल? आणि फाईल हिस्टरीसाठी हार्डडिस्क कायम लावून ठेवायची का?

---

जमाखर्च

पहिल्या शंकेचं उत्तर: नाही, नाही, नाही. चालू डेटा सिंकच्या फोल्डरमध्ये कधीच ठेवू नका. हिशोबाचं सॉफ्टवेअर एकाच वेळी पाच-दहा फाईलमध्ये लिहीत असतं, त्या सगळ्या एकमेकींशी जुळलेल्या असाव्या लागतात. सिंकवाल्याला हे कळत नाही, तो एक फाईल आत्ता चढवतो, दुसरी थोड्या वेळाने, त्यात नेट गेलं की अर्धं जुनं अर्धं नवं. दोन मशीनवरून उघडलं तर एकाच फाईलच्या दोन-दोन प्रती तयार होतात आणि मग कुठली खरी ते शोधत बसा. आउटलुकच्या पीएसटी फाईलला (ज्यात सगळे मेल साठतात) पण हेच लागू.

बरोबर पद्धत अशी की सॉफ्टवेअरमध्येच बॅकअपचा पर्याय असतो, तोच वापरायचा. तो एक सलग फाईल बनवतो. ती बॅकअप फाईल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाका, ते बिनधास्त चालतं कारण ती एकदा बनली की बदलत नाही. नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी घाला, दिवस आधी घातला की फोल्डरमध्ये यादी उलटीपालटी लागते. आणि रोज त्याच नावावर ओव्हरराइट करू नका, डेटा आज बिघडला असेल तर चांगल्या बॅकअपवर बिघडलेला चढतो. महिनाअखेरचे वेगळे ठेवा, ते डिलीटच करायचे नाहीत.

बॅकअपच्या आधी सॉफ्टवेअर बाकी सगळीकडे बंद करा, उघडं असताना नुसता फोल्डर कॉपी केला तर काही फाईल लॉक असतात आणि त्या गुपचूप वगळल्या जातात. शिवाय सॉफ्टवेअरचं सेटअप आणि लायसन्सची माहिती पण जवळ ठेवा. नव्या व्हर्जनचा बॅकअप जुन्या व्हर्जनमध्ये बहुतेक उघडत नाही, हे ऐनवेळी कळण्यात मजा नाही.

---

खटपट्या

दुसऱ्या शंकेचं मी सांगतो. कायम लावून ठेवलेली हार्डडिस्क रॅन्समवेअरला सी ड्राइव्हसारखीच दिसते, ती पण लॉक होणार, आणि नेटवर्कवर शेअर केलेले फोल्डर पण. मे २०१७ चा वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर आठवतोय का, तो तर नेटवर्कवरून स्वतःच एका मशीनमधून दुसऱ्यात घुसत होता, आणि गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टने त्यावरचा अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता, लोकांनी टाकला नव्हता. त्यामुळे अपडेट पुढे ढकलत बसू नका हे जाताजाता.

म्हणून हार्डडिस्क एक नाही, दोन घ्या. एक लावलेली, तिच्यावर फाईल हिस्टरी आपली चालू राहू दे. दुसरी शुक्रवारी संध्याकाळी लावायची, महत्त्वाचे फोल्डर कॉपी करायचे, काढायची आणि घरी न्यायची. रविवारचा_प्रोग्रामर म्हणतोय ते खरंय, माणूस विसरतो, पण विसरला तरी पहिली चालू आहे, क्लाउड चालू आहे, अगदीच उघड्यावर नाही पडत.

घरी नेणार तर हार्डडिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला वाचता येणार नाही, गिऱ्हाइकांची माहिती असणार त्यात. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, होम असेल तर व्हेराक्रिप्ट फुकट आहे. पासवर्ड मात्र दोघांना माहीत पाहिजे.

आणि बिटलॉकरवरून आठवलं, ही गोष्ट आजच्या आज करा. नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असलं की एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू असतं, कुणी सांगतसुद्धा नाही. मदरबोर्ड गेला आणि डिस्क काढून दुसरीकडे लावली तर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डिस्क ठणठणीत असून उपयोग शून्य, रिपेअरवाला पण हात वर करतो. की बहुतेक त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सेव्ह असते, चारही मशीनच्या शोधून कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉप सोडून गेलेल्या कुणाच्या खात्यावर सेट केलेला असेल तर अजूनच आधी बघा.

---

शंकेखोर

सगळं बरोबर, पण अजून कुणीच विचारलं नाही की तो बॅकअप उघडतो का?

गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीचं प्रकरण वाचा कधीतरी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसच उडवला. ठीक आहे म्हटलं, बॅकअप आहे. तर पाच वेगवेगळ्या पद्धती लावलेल्या होत्या आणि एकही भरवशाची निघाली नाही. रोजचा बॅकअप कधीपासून फेल होत होता, फेल झाल्याची ईमेलसुद्धा जात होती पण ती वाटेतच रिजेक्ट होत होती. शेवटी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी साधारण सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली त्यावर निभावलं, मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. एवढी तंत्रज्ञ मंडळी, आणि हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलंय, त्याबद्दल मानलं पाहिजे.

तुम्ही एवढंच करा. महिन्यातून एकदा बॅकअपमधली कुठलीही एक फाईल आणि हिशोबाचा एक बॅकअप दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा. हिशोबाचा बॅकअप चालू डेटावर रिस्टोअर करून ‘बघू’ नका म्हणजे झालं, वेगळ्या फोल्डरमध्ये.

अजून एक, ते ड्राइव्ह कुणाच्या खात्यावर आहे? कर्मचाऱ्याच्या पर्सनल जीमेलवर असेल तर फाईलचा मालक तो आहे, नोकरी सोडून खातं बंद केलं तर फाईल त्याच्याबरोबर जातात. आणि टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरून दुसरी खात्री, लावलेलं असेल (असायलाच पाहिजे) तर गूगल ८ आकडी दहा बॅकअप कोड देतं ते प्रिंट करून ठेवा. फोन हरवला म्हणून ऑफिसचं ड्राइव्ह उघडत नाही, असले प्रकार होतात.

---

खातेवही

धन्यवाद सगळ्यांना, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. पार्टनरला धागाच वाचायला दिला, तो आरशावर हसला आणि दोन हार्डडिस्कला हो म्हणाला, फक्त शुक्रवारची हार्डडिस्क मीच न्यायची असं ठरलंय. ड्राइव्ह त्याच्या पर्सनल जीमेलवर निघालं हे पण सांगून टाकते, ते ऑफिसच्या खात्यावर न्यायचं काम आता सुरू.

एक शेवटचं, शुक्रवारच्या कॉपीला हार्डडिस्कऐवजी मोठा पेनड्राइव्ह चालेल का? पर्समध्ये मावतो.

---

जमाखर्च

नेण्या-आणण्याला चालेल, बॅकअप म्हणून नको. पेनड्राइव्ह पटकन हरवतो, स्वस्तातले पटकन मरतात, आणि न वापरता बराच काळ ठेवून द्यायला तो बनलेलाच नाही. तरी घेतलात तर फॉरमॅट बघा, फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल त्यावर बसत नाही, एक्सफॅट करून घ्या. छोट्या पोर्टेबल एसएसडी पण येतात, पर्समध्ये मावतात, आठवड्याला वापरात राहणार असेल तर त्या चालतील, वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणार असेल तर साधी हार्डडिस्कच बरी.

---

रविवारचा_प्रोग्रामर

आणि काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढा, शुक्रवारी संध्याकाळी घाई असते, कॉपीची खिडकी बंद झाली तरी लिहिणं पूर्ण झालेलं असतंच असं नाही.