प्रतिसाद: स्लायगोकडे जरूर वळा

डब्लिन, न्यूग्रेंजची प्राचीन समाधी आणि मोहरचे समुद्रकडे एवढ्यावरच आयर्लंडची सहल आटपायचा तुमचा बेत वाचला आणि राहवलं नाही. एक दिवस वायव्येकडच्या स्लायगो परगण्यासाठी काढाच, आणि तिथे कॅरोकीलला जा.

तिथे ब्रिकलीव्हच्या डोंगरमाथ्यावर पाच हजार वर्षांपूर्वीच्या दगडी समाध्या आहेत, डझनभराहून जास्त. तिकीट नाही, रांग नाही. शेवटचा टप्पा पायीच. बाजूला दलदलीची काळी माती आणि चरणाऱ्या मेंढ्या. वर पोचलं की खाली लॉख अ‍ॅरो तळ्याचं पाणी पसरलेलं दिसतं. ढग सरकला की तेच तळं करड्याचं निळं होतं. मी नुसती बघत बसले होते.

यातल्या 'जी' (G) नावाच्या समाधीच्या दारावर न्यूग्रेंजसारखीच एक चौकोनी फट आहे. फरक असा, की न्यूग्रेंजमध्ये डिसेंबरातली सकाळची उन्हं आत येतात, इथे जूनमधली मावळतीची. आत जायला अक्षरशः रांगावं लागतं. चुनखडीचा गारवा हाताच्या तळव्यांना लागतो आणि बाहेरचा वारा एकदम थांबतो. त्या शांततेत कुणाचीतरी रक्षा इथे ठेवली होती हे आठवून माझा आवाज आपोआप खाली गेला.

1911 मध्ये इथे घाईघाईने उत्खनन झालं, त्यात बरंच नुकसान झालं. म्हणून हात जोडून सांगते, समाध्यांवरच्या दगडांच्या ढिगांवर चढू नका. बूट मात्र पाणी न शिरणारे घ्या, आपल्या सह्याद्रीतल्या श्रावणात घेतो तसे.