२०२०ची टाळेबंदी : हाती काय लागलं, खिशातून काय गेलं?

नाशिककर : २४ मार्च २०२०, रात्री आठला घोषणा, बाराला देश बंद. कोरोनाचे रुग्ण तेव्हा हजाराच्याही आत. आमच्याकडे द्राक्षं ऐन काढणीला. मजूर नाही, गाडी नाही, गिऱ्हाईक नाही. जमलं त्याने बेदाणा केला. एप्रिल-जून तिमाहीत देशाचा जीडीपी जवळपास २४ टक्क्यांनी घसरला. एवढं करून सप्टेंबरात लाट आलीच. मग मिळवलं काय?

परळकर : वेळ! मार्चमध्ये पीपीई किट देशात जवळजवळ बनतच नव्हते, मेअखेर रोज लाखांनी बनू लागले. मुंबईत बीकेसीचं जम्बो कोविड केंद्र त्याच काळात उभं राहिलं. धारावी विसरलात? अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखोंची वस्ती, तरी साथ आटोक्यात आली.

नाशिककर : साहेब, धारावी तर माझ्या बाजूने बोलते. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, शौचालय सार्वजनिक. तिथे ‘घरात बसा’ला अर्थ काय? उपयोगी पडली ती घरोघर तपासणी, फीव्हर कॅम्प आणि बाधितांना बाहेर नेऊन ठेवणं.

पायवाट : दोघेही मजुरांवर बोलत नाही. ८ मे २०२०, जालन्याहून पायी निघालेले १६ जण करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. श्रमिक रेल्वे १ मेपासून होत्या, पण त्यांना मिळाली नव्हती. मार्चमध्ये टाळेबंदी चार दिवस आधी सांगून तोवर गाड्या चालू ठेवल्या असत्या तर?

परळकर : तर विषाणू मार्चमध्येच गावोगाव पोचला असता. तिथे चाचणीची सोय तरी होती का?

पायवाट : उलट! मार्चमध्ये मुंबईत लागण तुरळक होती, घरी जाणाऱ्यांपैकी फारच थोडे बाधित निघाले असते. तुम्ही त्यांना दाटीच्या वस्त्यांत कोंडलंत आणि मुंबई पेटल्यावर मेमध्ये सोडलंत. वेळ मिळाला खरा, पण त्याची किंमत मोजली हातावर पोट असणाऱ्यांनी. वर्क फ्रॉम होमवाल्यांनी नाही.

परळकर : चार तासांची मुदत चूकच, मान्य. पण पूर्वसूचना द्यायला हवी होती आणि टाळेबंदीच नको होती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाशिककर दुसरी म्हणतायत, ती मला पटत नाही.

खडूफळा : राज्यात बार ५ ऑक्टोबर २०२०ला उघडले. मुंबईत पहिलीचा वर्ग? १५ डिसेंबर २०२१. याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडणार?

नाशिककर : बारकडून महसूल येतो हो, पहिलीकडून काय येणार!