इंदिरा संत कुठून वाचायला घ्यावं?

प्रश्न (वाचनवेडी): इंदिरा संतांच्या सुट्ट्या कविता इकडेतिकडे वाचल्यात, आता नीट सगळं वाचायचंय. कविता आणि ललित दोन्ही. पण जिथे बघावं तिथे 'विरहाची कवयित्री' हेच लिहिलेलं, खरंच सगळी कविता तेवढीच आहे का? आणि गद्य वाचण्यासारखं आहे का?

कपाटातला_किडा: सुरुवातीला मृण्मयी घे, निवडक कवितांचं पुस्तक, संपादन रमेश तेंडुलकरांचं (हो, सचिनचे वडील). मग शेला, मेंदी, रंगबावरी हे संग्रह क्रमाने. गर्भरेशीमला १९८४ चं साहित्य अकादमी मिळालं, ते शेवटी ठेव. विरहाचं म्हणशील तर त्यांचे पती ना. मा. संत १९४६ मध्ये गेले, दोघांचा मिळून सहवास हा संग्रह होता, पदरात मुलं, नोकरी, त्यामुळे ते दुःख कवितेत येणारच ना.

शहापूर_बेळगाव: येणारच, पण तेवढंच बघितलं की बाकीचं दिसायचंच बंद होतं, याचं मला फार वाईट वाटतं. कुब्जा वाच. राधा झोपलेली, गोकुळ झोपलेलं, आणि पहाटेच्या त्या बासरीवर हक्क कुणाचा, तर जिला कुणी विचारत नाही त्या कुब्जेचा! केवढं सुख आहे त्या कवितेत. पावसाची कविता घ्या, त्यात सख्याची वाट आहेच पण आधी गळकं घर आहे आणि थेंबाखाली लावायला भांडी पुरत नाहीत ही काळजी आहे, घर चालवणाऱ्या बाईलाच सुचेल असं. आमच्या बेळगावात त्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉल होत्या, आयुष्यभर काम केलेली बाई, तिला नुसतं रडवेली करून ठेवू नका.

ओवीवाली: +१. आणि मालनगाथा कुणीच कसं नाही सांगितलं?? जात्यावरच्या ओव्या आणि त्यावर इंदिराबाईंचं लिहिणं. ओवी रचणाऱ्या बायकांची नावं कुठे राहिली नाहीत, त्यांना त्या कवयित्री म्हणूनच मान देतात. माझं तर मत असं की आधी मालनगाथा वाचावी आणि मग कविता, म्हणजे चारदोन ओळीत सगळं सांगून मोकळं व्हायची ती रीत कुठल्या घराण्यातली आहे ते आपोआप कळतं.

वाचनवेडी: वा, हे माहितीच नव्हतं! मग मृण्मयी आणि मालनगाथा सोबतच घेते. कथाही आहेत ना त्यांच्या?

कपाटातला_किडा: आहेत की, श्यामली, कदली, चैतू. पन्नाशीच्या दशकातल्या, दुकानात शोधत बसण्यापेक्षा जुन्या लायब्ररीत विचार. ललित हवं तर मृद्गंध आणि फुलवेल, त्यातलं मृद्गंध आधी.

शहापूर_बेळगाव: आणि हे झालं की त्यांच्या मुलाचं, प्रकाश नारायण संतांचं वनवास लगेच घ्या. त्यातला तो लंपन नावाचा मुलगा!