विषय: जूनमधील रविवारचे जेवण – यॉर्कशायर पुडिंग केव्हा वाढावे?

प्रेषक: कार्यकारिणी, ब्रॅडफर्ड

यॉर्कशायरमधील आपल्या मराठी मंडळींच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

यंदाही उन्हाळ्यात आपल्यापैकी अनेकांचे आईवडील महाराष्ट्रातून येथे राहायला आले आहेत. दरवर्षी आपण त्यांच्यासाठी श्रीखंड-पुरीचा किंवा पुरणपोळीचा बेत करतो. परंतु गेल्या वर्षी परत निघताना दोघातिघा आजीआजोबांनी बोलून दाखवले की, तीन महिने इंग्लंडमध्ये राहूनही इंग्रज माणूस रविवारी आपल्या घरी काय जेवतो, हे काही पाहायला मिळाले नाही. म्हणून जूनच्या दुसऱ्या रविवारी नेहमीच्या हॉलमध्ये पारंपरिक इंग्रजी जेवण करावे, असे बैठकीत ठरले आहे. प्राथमिक यादी अशी आहे: रोस्ट चिकन, यॉर्कशायर पुडिंग (अंडी, मैदा आणि दूध यांच्या पिठाचा ओव्हनमध्ये फुगवलेला, गोड नसलेला पदार्थ), चिप्स (वेफर्स नव्हेत, बटाट्याचे लांब तळलेले तुकडे), बेक्ड बीन्स (टोमॅटोच्या सॉसमधल्या घेवड्याच्या बिया), मटार, फ्लॉवर-चीज (चीजच्या सॉसमध्ये भाजलेला फ्लॉवर) आणि गोडात केक. सभासदांनी आपली मते कळवावीत, ही विनंती.

प्रेषक: वेकफील्ड

कार्यकारिणी आणि सर्व सभासद यांस सप्रेम नमस्कार.

कल्पना फार आवडली, आणि आवडली म्हणूनच यादी वाचून स्वस्थ बसवले नाही. यादीतील प्रत्येक पदार्थ या देशात आवडीने खाल्ला जातो, यात शंका नाही. पण हे सगळे रविवारी दुपारी एकाच ताटात आलेले मी कोणत्याही इंग्रज घरी पाहिलेले नाही. चिप्स माशाबरोबरच्या. बीन्स सकाळच्या न्याहारीच्या, नाहीतर टोस्टवर घालून संध्याकाळी घाईने खाण्याच्या. रविवारच्या मांसाबरोबर असतात ते ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे, बाहेरून कुरकुरीत आणि आतून पिठूळ, आणि त्यांच्या जागी चिप्स ठेवल्या तर तो रविवार राहत नाही.

मी १९७८ साली लग्न होऊन येथे आले. शेजारी गिरणीतून निवृत्त झालेल्या एक आजी एकट्याच राहत असत. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी आम्हा दोघांना रविवारी जेवायला बोलावले. समोर बशी आली, तीत जवळजवळ बशीएवढेच, कडेने तपकिरी होऊन वर आलेले आणि मध्ये खोलगट असे काहीतरी होते, आणि त्या खळग्यात कांद्याची दाट ग्रेव्ही ओतलेली होती. हे कशाशी खायचे ते कळेना, म्हणून मी भाजीची वाट पाहत बसले. तेव्हा आजींनी सांगितले की, हे आधी संपवायचे आणि मग बाकीचे ताट येणार. त्यांच्या लहानपणी घरात मांस थोडे आणि खाणारी तोंडे फार होती, तेव्हा आधी पुडिंगने पोट धरायचे म्हणजे मांस सर्वांना पुरायचे. यॉर्कशायरमध्ये जुन्या घरांची रीत हीच होती. आज हॉटेलांत ते मांसाच्या शेजारी ठेवतात आणि त्यावरच ग्रेव्ही ओततात, त्यामुळे ते चार घासांत मऊ पडते, आणि ज्यांनी ते पहिल्यांदाच खाल्ले त्यांना त्यात एवढे काय आहे ते कळत नाही.

कृती त्यांनी मला हाताला धरून शिकवली. अंडी, मैदा आणि दूध एकाच कपाने सारखे मोजून घ्यायचे, धिरड्याच्या पिठाहून किंचित पातळ असे भिजवायचे आणि तासभर झाकून ठेवायचे. ट्रेच्या प्रत्येक खळग्यात चमचाभर तेल घालून ट्रे ओव्हनमध्ये धूर दिसू लागेपर्यंत तापवायचा. पीठ पडताच चर्र असा आवाज आला नाही, तर ते पुडिंग फुगणार नाही, हे तेव्हाच समजावे. मग वीस मिनिटे ओव्हनचे दार अजिबात उघडायचे नाही. आजींच्या घरी तेलाच्या जागी भाजल्या जाणाऱ्या गोमांसातून गळलेली चरबी असे. मी पहिल्यापासून सूर्यफुलाचे तेल वापरत आले आहे आणि फुगण्यात काही फरक पडलेला नाही. यावरून आठवले, आपल्या भागातील अनेक चिप्सची दुकाने अजूनही गाईच्या चरबीत तळतात, तेव्हा बाहेरून काहीही मागवायचे झाल्यास आधी स्पष्ट विचारून घ्यावे.

राहता राहिली कोंबडी. यॉर्कशायर पुडिंग गोमांसाबरोबरच हवे, कोंबडीबरोबर वाढणे चूक, असे ठामपणे मानणारे इंग्रज आजही पुष्कळ आहेत. गोमांस तर आपण करणार नाही. माझ्या मते जूनमध्ये मेंढीचे कोवळे मांस करावे आणि सोबत पुदिन्याचा सॉस द्यावा. बारीक चिरलेला पुदिना, व्हिनेगर आणि थोडी साखर, एवढेच त्यात असते, आणि आपल्या माणसांना ती चव पहिल्या घासातच ओळखीची वाटेल.

प्रेषक: लीड्स

काकू, सादर नमस्कार.

आपले पत्र मनापासून आवडले, तरीही एक मूलभूत मतभेद नोंदवतो. पारंपरिक काय, हे ठरवताना आपण नेमके कोणते वर्ष धरायचे? रविवारच्या ज्या भाजलेल्या बटाट्यांवाचून आपल्याला चैन पडत नाही, तो बटाटा दक्षिण अमेरिकेतून आलेला आहे. बेक्ड बीन्स १८८६ साली लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या उंची दुकानात अमेरिकेहून आलेला महागडा माल म्हणून विकायला ठेवल्या गेल्या आणि पुढे त्याच बीन्स कामगारांच्या घरी रोजच्या झाल्या. सव्वाशेहून अधिक वर्षे ज्या देशात एक पदार्थ रांधला-खाल्ला जातो, तो तेथला नाही असे कसे म्हणावे?

याहून महत्त्वाचे म्हणजे, हॅना ग्लास या बाईंचे १७४७ साली प्रसिद्ध झालेले पाककृतींचे पुस्तक पाहावे. त्यात यॉर्कशायर पुडिंगची कृती आहे, आणि त्याच पुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीने करी करण्याचीही कृती आहे. कोंबडी किंवा सशाचे तुकडे, कांदे, मिरे, चमचाभर तांदूळ, आणि स्वच्छ फावड्यावर विस्तवात भाजून घेतलेले धणे! म्हणजे जी इंग्रज गृहिणी हे पुस्तक समोर ठेवून पुडिंग करत होती, तिच्या हाताशी करीही होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळात न्याहारीला केजरी आली, तीही आपल्या खिचडीचेच रूप: भात, धुरी दिलेला हॅडॉक मासा, उकडलेली अंडी आणि थोडा करीचा मसाला. २००१ साली परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भाषणात चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा खराखुरा राष्ट्रीय पदार्थ म्हटले होते. असे असताना आपल्या आईवडिलांना या देशाचे जेवण दाखवायचे, तर त्यात केजरी आणि टिक्का मसाला का नसावा?

आणि बीन्सविषयी माझे म्हणणे केवळ इतिहासाचे नाही. मी येथेच जन्मलो. शाळेत दुपारच्या जेवणाला चिप्स आणि बीन्स असत, घरी आल्यावर वरण-भात असे. माझ्यासाठी इंग्रजी जेवण म्हटले की आधी तीच ताटली डोळ्यांसमोर येते. माझ्या आजीला ती दाखवावी, असे मला फार वाटते.

प्रेषक: बर्मिंगहॅम (पूर्वी हडर्सफील्ड)

नमस्कार मंडळी.

मुक्काम हलला तरी यादीवरून नाव काढलेले नाही, म्हणून केवळ गोडाविषयी लिहिते. रविवारच्या जेवणानंतर केक नको. केक चार वाजता चहाबरोबर शोभतो. जेवणानंतर गरम गोड हवे आणि त्यावर कस्टर्ड हवे. जूनमध्ये बागेतील रुबार्ब अजून मिळतो, आणि वेकफील्ड परिसर तर रुबार्बसाठी प्रसिद्धच आहे, तेव्हा रुबार्बचा क्रंबल (वर मैदा, लोणी आणि साखरेचा चुरा घालून भाजलेले गोड) करावा. तो आंबट देठ साखरेत शिजला की कैरीच्या मेथांब्याची आठवण होते, असे माझ्या सासूबाई म्हणत.

येणाऱ्या पाहुण्यांत अंडे न खाणारे बरेच असतील. त्यांच्यासाठी एक चांगली बातमी आमच्याच गावची आहे. आल्फ्रेड बर्ड या बर्मिंगहॅमच्या औषधविक्रेत्याने १८३७ साली कस्टर्डची पावडर शोधून काढली ती मुळी पत्नीला अंडे सोसत नसे म्हणून. त्यात अंड्याऐवजी मक्याचे पीठ असते. आपण लहानपणापासून फ्रूट कस्टर्डला वापरतो ती हीच जातकुळी. फ्लॉवर-चीजसाठी मात्र चीजच्या वेष्टणावर शाकाहारी असल्याची खूण पाहूनच घ्यावे, कारण काही चीज वासराच्या जठरातील रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने) लावतात.

प्रेषक: वेकफील्ड

लीड्सच्या चिरंजीवास अनेक आशीर्वाद. तुला बालविकास वर्गापासून ओळखते, म्हणून एकेरी लिहिते.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पुडिंग आणि करी एकाच पुस्तकात आहेत, हे वाचून फार आनंद झाला. ते धणे भाजण्याचे फावडे तर डोळ्यांसमोरून हलत नाही. पण पदार्थ मूळचा कोठला, असा माझा प्रश्नच नव्हता. बीन्स परक्या आहेत, असे मी म्हटले नाही. त्या रविवारच्या ताटातल्या नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्याकडचेच पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला; आज तो तमिळनाडूत सेलमच्या बाजूला तयार होतो. बटाटा, शेंगदाणा आणि मिरचीही तिकडचीच. म्हणजे एकादशीच्या ताटलीतले चारही मुख्य जिन्नस समुद्रापलीकडचे, आणि तरीही साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा अधिक मराठी काही दाखव, असे मला कोणी म्हटले तर मला सुचणार नाही. पण म्हणून लग्नाच्या पंगतीत पहिल्या वाढीला वरण-भाताची मूद न वाढता खिचडी कोणी वाढेल का? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ताटाच्या डावीकडे आणि भाजी उजवीकडे, ही जागा ठरलेली आहे. ती कोणी कायद्याने ठरवली नाही, पण वाढप्याने चुकून बदलली तर सत्तर वर्षांच्या माणसाचा हात क्षणभर थांबतो. इंग्रजांच्या जेवणालाही अशाच जागा आहेत. केजरी न्याहारीची. टिक्का मसाला शुक्रवारी-शनिवारी रात्री बाहेर जाऊन, नाहीतर घरी मागवून खाण्याचा. मेंढीच्या मांसाला पुदिना, डुकराच्या मांसाला सफरचंदाचा सॉस, गोमांसाला हॉर्सरॅडिश (एका झणझणीत मुळाचा सॉस). या जोड्या मी माझ्या शेजारणीच्या घरी वर्षानुवर्षे पाहिल्या, त्या कधी फिरल्या नाहीत. आपल्या पाहुण्यांना पदार्थ तर कोणत्याही हॉटेलात मिळतील. त्या घरातली ही मांडणी मिळणार नाही, आणि ती दाखवण्याची संधी आपल्याला एकदाच आहे.

म्हणूनच पुडिंग आधी आणि वेगळे वाढावे, असा माझा आग्रह आहे. त्यात आणखी एक सोय आहे. भाज्यांच्या अर्कातली कांद्याची ग्रेव्ही केली की ते मांस न खाणाऱ्यांनाही चालेल, आणि पुडिंग मांसाच्या शेजारी येणारच नाही म्हटल्यावर मागून ताटात कोंबडी आहे की मेंढी, याचा वादही उरत नाही. ज्यांना मेंढी नको त्यांच्यासाठी कोंबडी खुशाल करावी.

तुझ्या शाळेच्या ताटलीविषयी मात्र तू लिहिलेस ते मला मान्य आहे, आणि ते मनाला लागलेही. तुम्ही मुले ज्यावर वाढलात ते इंग्रजी जेवण नव्हे, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण तिची जागाही तिचीच असू दे. दुसऱ्या एखाद्या शनिवारी सकाळी न्याहारीचा कार्यक्रम ठेवावा. त्यात टोस्ट, बीन्स, मशरूम, टोमॅटो, अंडी आणि तुझी केजरी असावी, आणि केजरी तू स्वतः करावीस. तुझ्या आजीबाईंच्या शेजारी मी बसेन.

प्रेषक: लीड्स

काकू, मान्य. केजरी मी करतो. मासा न खाणाऱ्यांसाठी एक पातेले वेगळे ठेवीन. चिप्स आणि बीन्स रविवारच्या यादीतून काढण्यास माझी हरकत नाही. मात्र न्याहारीचा दिवस आताच पक्का करावा, कारण आजीचे परतीचे तिकीट १२ जुलैचे आहे.

प्रेषक: कार्यकारिणी, ब्रॅडफर्ड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारचा बेत आता असा आहे: प्रथम कांद्याच्या ग्रेव्हीसह यॉर्कशायर पुडिंग, आणि अंडे न खाणाऱ्यांसाठी त्याच वेळी लीक (कांद्याच्या जातीची भाजी) आणि बटाट्याचे सूप. त्यानंतर पुदिन्याच्या सॉससह मेंढीचे मांस किंवा कोंबडी, शाकाहारी मंडळींसाठी नट रोस्ट (दाण्यांचा भाजलेला वडीसारखा पदार्थ), आणि सर्वांसाठी तेलात भाजलेले बटाटे, मटार, गाजर व फ्लॉवर-चीज. शेवटी रुबार्बचा क्रंबल आणि कस्टर्ड. न्याहारी जूनच्या शेवटच्या शनिवारी सकाळी दहा वाजता होईल.

एकूण साठ पाने धरली आहेत. हॉलमध्ये दोन ओव्हन आहेत आणि बारा खळग्यांचे पाच ट्रे लागतील. आपल्याकडे सध्या तीनच आहेत, तेव्हा ज्यांच्या घरी असतील त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे. वेकफील्डच्या काकू सकाळी साडेदहापासून पिठाजवळ असतील. पुडिंग ओव्हनमधून बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच बसू लागते, म्हणून पाहुण्यांना घेऊन सर्वांनी साडेबाराला आपापल्या जागी बसलेले असावे. पहिला घाणा पावणेएकला निघेल.