मदत हवी आहे: मीडिया टाकल्यास अमोनिया उतरेल का?

धागाकर्ता
आमच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात दोन एरेशन टाक्या (हवा सोडून जिवाणूंचा गाळ वाढवण्याच्या) आहेत. बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाणीचे माप) उत्तम उतरतो, परंतु बाहेर पडणाऱ्या पाण्यातील अमोनिया नायट्रोजन लिटरमागे 22 मिलिग्रॅमच्या खाली जात नाही. मीडिया (जिवाणू चिकटून वाढण्यासाठी टाकीत टाकायचे तुकडे) टाकून तरंगता गाळ आणि मीडियाला चिकटलेला गाळ एकत्र चालवावा, असे आम्हाला सुचवण्यात आले आहे. टाकीचा किती टक्के भाग भरावा, एवढेच कृपया सांगावे. बाकी सर्व व्यवस्थित आहे.

जुना प्रचालक
'बाकी सर्व व्यवस्थित' यावरून काहीच ठरवता येत नाही. एमएलएसएस (टाकीतील तरंगता गाळ, लिटरमागे मिलिग्रॅम), गाळाचे वय (गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो), तापमान, डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू, लिटरमागे मिलिग्रॅम) आणि पीएच किती आहेत?

दुहेरी गाळ
मीडियाच्या भानगडीत पडू नका. नायट्रिफिकेशनच्या, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या, जिवाणूंची वाढ मंद असल्यामुळे त्यांना स्वतंत्र टाकी आणि स्वतंत्र सेटलिंग (गाळ खाली बसवण्याची सोय) द्यावे. आम्ही बीओडीचा आणि नायट्रिफिकेशनचा गाळ वेगळे केल्यापासून ही अडचण राहिलेली नाही.

जुना प्रचालक
त्यासाठी आणखी एक सेटलिंग टाकी लागते, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत.

धागाकर्ता
एमएलएसएस 3600, गाळाचे वय 12 दिवस, तापमान 26 अंश, डीओ 2.2. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या तासाने गाळ 720 मिलिलिटरच्या रेषेवर थांबतो. पीएच 6.3 येतो, पण मीटर जुना आहे.

जुना प्रचालक
मीटरला दोष देऊ नका. 26 अंशांना 12 दिवसांचे वय नायट्रिफिकेशनला पुरेसे असते, म्हणजे जिवाणू कमी नसून पीएच उतरल्याने अडलेले असावेत. एक मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे 7.14 मिलिग्रॅम अल्कलिनिटी (आम्ल शोषून पीएच टिकवण्याची पाण्याची क्षमता) खर्च होते. बाहेरच्या पाण्यात ती किती उरते? शिवाय 720 म्हणजे एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिलिलिटर जागा घेतो) 200. गाळ फुगलेला आहे, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली तंतूसारखे जिवाणू आहेत का ते पाहावे.

दुहेरी गाळ
हे मान्य, अल्कलिनिटी संपली असेल तर गाळ वेगळे करूनही उपयोग नाही.

धागाकर्ता
आज तपासली: लिटरमागे फक्त 28 मिलिग्रॅम. मग मीडिया नकोच का?

जुना प्रचालक
आत्ता नको, आधी अल्कलिनिटी भरून काढा. शिवाय चिकटलेल्या थराच्या आत प्राणवायू पोहोचण्यासाठी 2.2 पेक्षा जास्त डीओ ठेवावा लागेल. उरलेल्या 22 मिलिग्रॅमसाठी आणखी सुमारे 157 अल्कलिनिटी हवी, म्हणजे घनमीटरमागे साधारण 265 ग्रॅम सोडा बायकार्ब. पहिल्या टाकीच्या सुरुवातीचा भाग हवेविना ठेवून तेथे नायट्रेटयुक्त पाणी परत आणल्यास डीनायट्रिफिकेशनमुळे (जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात) खर्च झालेल्यापैकी निम्म्यापर्यंत अल्कलिनिटी परत मिळते.

धागाकर्ता
हवा बंद केल्यास गाळ तळाशी बसेल. आमच्याकडे मिक्सर नाही.

जुना प्रचालक
मग मिक्सर येईपर्यंत सोडा द्या, आणि रोज पीएचबरोबर अल्कलिनिटीचीही नोंद ठेवा.