लेबलवर पीनो न्वार, पण रंग पटत नाही. आयात वाइनमध्ये नेमकं काय तपासू? (मदत हवी आहे)

मंडळी,

मी एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत काम करते. आमचं रोजचं काम पाणी आणि फळांचे रस. वाइन क्वचित येते. गेल्या आठवड्यात एका आयातदाराने एकाच लॉटच्या सहा बाटल्या आणून दिल्या. लेबलवर पीनो न्वार (फिकट लाल वाइन देणारी द्राक्षाची जात), द्राक्षं दोन वर्षांपूर्वीची. तक्रार एका वाक्याची: "हा रंग पीनोचा नाही." ओतून पाहिली. पेल्यामागे धरलेलं बोट दिसत नाही, इतकी गडद.

नेहमीचं सगळं झालं: अल्कोहोल, एकूण आम्लता, व्होलाटाइल आम्लता, पीएच, सल्फर डायऑक्साइड, मिथेनॉल. मिथेनॉल तर लाल वाइनसाठीच्या लिटरला ४०० मिलिग्रॅम या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या पुष्कळ खाली. सगळं ठीक, आणि तिथेच माझी पंचाईत. हे आकडे कुठल्याही बऱ्या लाल वाइनचे असू शकतात.

माझ्याकडे डायोड अरे डिटेक्टरवालं एचपीएलसी (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आणि साधं जीसी (तेच काम वायुरूपात करणारं) आहे. एवढ्यावर द्राक्षाच्या जातीबद्दल काही म्हणता येईल का? आणि आयातदाराला साखर आणि पाणी मिसळल्याचीही शंका आहे. ते बाहेर पाठवायचं तर कोणती चाचणी मागू?

गाळणी:
जातीचं काम तुमच्या एचपीएलसीवर होईल, आणि नशीब म्हणजे लेबलवर नेमकी पीनो आहे! लाल वाइनमध्ये पाच मुख्य अँथोसायानिन ग्लुकोसाइड (द्राक्षाच्या सालीतली रंगद्रव्यं) असतात: डेल्फिनिडिन, सायनिडिन, पेट्युनिडिन, पिओनिडिन आणि माल्व्हिडिन. बहुतेक जातींत यांच्याशिवाय अॅसिटिल आणि कूमारॉइल जोडलेली (अॅसिलेटेड) रूपंही सापडतात. पीनो न्वारमध्ये ती जवळपास नसतातच. सी-१८ कॉलम (घटक वेगळे करणारी नळी), मोबाइल फेजमध्ये, म्हणजे त्यातून वाहणाऱ्या द्रवात, भरपूर फॉर्मिक आम्ल (पीएच चढला की रंग जातो आणि पीक, म्हणजे आलेखातलं टोकही), ५१८ नॅनोमीटर तरंगलांबी. माल्व्हिडिनच्या मागून ठसठशीत पीक आले, तर दुसऱ्या जातीची वाइन मिसळलेली आहे असं समजा.

माल्व्हिडिनच्या आधीचा भागही बघा. तिथे माल्व्हिडिन डायग्लुकोसाइड मिळालं तर संकरित द्राक्षांचा संशय घ्यायचा. त्याला लिटरला १५ मिलिग्रॅमची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे.

वाइन दोन वर्षांचीच आहे म्हणून हे जमेल. वीस वर्षांच्या बाटलीत सुटे अँथोसायानिन फारसे उरत नाहीत, तिथे ही युक्ती सोडून द्या.

जुनीखोड:
साखरेबद्दल सांगतो, कारण इथे पैसे वाया जातात. लोक कार्बन-१३ (जड कार्बनचं प्रमाण) मागवतात आणि निर्धास्त होतात. ऊस आणि मका सी-४ वनस्पती, द्राक्ष सी-३ (प्रकाशसंश्लेषणाच्या दोन पद्धती, दोन्हींत जड कार्बनचं प्रमाण वेगळं), त्यामुळे उसाची साखर कार्बन-१३ मध्ये पकडली जाते. पण बीटही सी-३ आहे! बीटची साखर त्यातून अलगद निसटते. तिच्यासाठी इथेनॉलमधल्या ड्युटेरियमचं (जड हायड्रोजनचं) एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणू ओळखणारी चाचणी) लागतं, फ्रान्समध्ये नांतला विकसित झालेलं. म्हणून दोन्ही एकत्र मागा. पाण्यासाठी वाइनमधल्या पाण्याचा ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन): वेलीच्या पानांतून बाष्पीभवन होताना हलकं पाणी आधी उडतं, म्हणून द्राक्षातलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा जड असतं. मात्र त्याच प्रदेशाच्या, त्याच वर्षाच्या अस्सल वाइनचे आकडे समोर नसतील, तर आलेल्या आकड्याचं काय करणार? प्रयोगशाळेला आधी तेच विचारा.

"सगळं मर्यादेत" या शेऱ्यावर माझा राग १९८५ पासूनचा. ऑस्ट्रियातल्या काहींनी वाइन भरदार लागावी म्हणून डायइथिलीन ग्लायकॉल घातलं होतं. नेहमीच्या चाचण्यांत ते दिसायचं कसं? कुणी शोधतच नव्हतं.

धागाकर्ती:
गाळणी, जुनीखोड, दोघांचे आभार. काल रन घेतला. शेजारी खात्रीची एक पीनो ठेवली होती. तिच्यात माल्व्हिडिननंतर बेसलाइन (आलेखाची तळरेषा) सपाट. आमच्या सँपलमध्ये चार स्वच्छ पीक, दोनदा चालवूनही तेच. आता "बनावट" असं लिहून देऊ?

गाळणी:
नको! युरोपीय नियमात लेबलवरच्या जातीची वाइन किमान ८५ टक्के असली की पुरतं. पीक दिसले म्हणजे मिश्रण आहे. ते १५ टक्क्यांच्या आत की बाहेर, हे त्यावरून सिद्ध होत नाही. "अॅसिलेटेड अँथोसायानिन आढळले, निव्वळ पीनो न्वारशी विसंगत" एवढंच लिहा आणि क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचा आलेख) जोडा. तीन बाटल्या न उघडता, सील करून ठेवा.

जुनीखोड:
आणि आयातदाराला खरेदीची कागदपत्रं काढायला सांगा. २०१० मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनच्या न्यायालयात खोट्या पीनोच्या प्रकरणात शिक्षा झाल्या, तेव्हा बिंग हिशेबातून फुटलं होतं: त्या भागात पिकते त्याहून जास्त पीनो विकली गेली होती.

धागाकर्ती:
कागदपत्रं मागवलीत. अहवालात गाळणींचं वाक्य जसंच्या तसं घेते. एनएमआरचा निकाल आला की इथेच टाकेन.